सुगंधाचा आधार, रुग्णाची पसंती

दीर्घ आजारात माणूस वेदनेइतकाच प्रतीक्षेने थकतो. रिपोर्टची प्रतीक्षा, पुढच्या केमोची प्रतीक्षा, रात्र सरण्याची प्रतीक्षा. कर्करोगाच्या रुग्णाजवळ ज्यांनी रात्री जागून काढल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. आपल्या हिंगोली जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांना उपचारांसाठी नांदेड गाठावे लागते, तर काहींना १९४१ पासून सेवेत असलेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत जावे लागते. घर दूर, माणसे अनोळखी आणि हवेत औषधांचा वास. अशा वेळी मन अधिकच घाबरते.

ही भीती हलकी करण्यासाठी अलीकडे सुगंधोपचाराचे, म्हणजे अरोमाथेरपीचे, नाव कानी येते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ रेने-मोरिस गात्फोसे यांचे याच नावाचे पुस्तक १९३७ साली निघाले. लॅव्हेंडर, चंदन, संत्र्याची साल यांच्या अर्काचा एखादा थेंब हुंगण्यास देतात, किंवा तो साध्या तेलात मिसळून हलके मालिश करतात. गंधाची संवेदना मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांशी निकटची जोडलेली आहे. म्हणूनच एखाद्या वासासरशी मन क्षणात माहेरी पोहोचते.

आमच्या अक्का मुंबईत केमोथेरपी घेत असताना मला याचा प्रत्यय आला. परिचारिकेच्या अनुमतीने भाचीने रुमालावर लॅव्हेंडरचे दोन थेंब टाकले. अक्कांनी तोंड फिरवले. त्यांना मळमळू लागले. केमोच्या दिवसांत एरवीचे सुवासही नकोसे होतात. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, "मला हळकुंडाचा वास द्या." आमच्या वडिलांची हळदीची अडत होती. गावाकडून येणाऱ्या पाहुण्याकरवी चार हळकुंडे मागविली आणि परिचारिकेला विचारून ती पातळ कापडात बांधून उशाशी ठेवली. त्या रात्री अक्का पेठेतल्या, हमालांच्या, वडिलांच्या आठवणी सांगता सांगता झोपी गेल्या. रोग होता तेथेच होता. पण ती रात्र सुखाने सरली.

जमेच्या बाजूला एवढेच धरावे. सुगंधी मालिशने कर्करोगाच्या रुग्णांना आराम मिळतो असे खात्रीने म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही, असे कोक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात नमूद आहे. मग तेलाने गाठ विरघळते, हे सांगणाऱ्यावर विश्वास कसा ठेवावा? असा एक विक्रेता आमच्याही दारी आला होता. त्याला पाणी पाजून निरोप दिला.

काही पथ्ये मात्र पाळावीत. डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीही वापरू नये. अर्क पोटात घेऊ नये, निव्वळ त्वचेवर चोळू नये. किरणोपचार झालेल्या जागी मालिश करू नये. ऑक्सिजनजवळ उदबत्ती वा दिवा लावू नये. भेटीस जाताना आपणही अत्तर लावू नये. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला तो वास सोसेलच असे नाही.

आपल्याकडे रुग्णसेवेला वैयावृत्त्य म्हणतात आणि तिची गणना तपात होते. या तपात आपल्या आवडीला स्थान नाही. इंजेक्शन केव्हा, जेवण काय, भेट कोणाची, सारे इतरांनी ठरविलेले असते. निदान उशाशी कोणता गंध असावा, हे तरी रुग्णाला विचारावे. पुष्कळदा त्या विचारण्यानेच त्याला बरे वाटते.