हा टक्का कोणाचा?

संशोधनाला नुकती सुरुवात करणाऱ्या डॉक्टरनं लेखाचा प्रकार आधी ठरवावा आणि मग त्यात बसेल अशी माहिती गोळा करावी, असं माझं ठाम मत होतं. एमडी करून रायपूरला परतले, चौबे कॉलोनीतल्या घरून रोज रुग्णालयात जाऊ लागले, तेव्हा मनात एक उतरंड पक्की होती. सगळ्यात वर ओरिजिनल आर्टिकल, त्याखाली रिव्ह्यू, मग केस सिरीज, आणि तळाला केस रिपोर्ट व संपादकाला लिहिलेलं पत्र. तळाशी वेळ घालवू नका, असं मी ज्युनिअर्सनाही सांगत असे. आज तसं सांगत नाही.

ही उतरंड मी एकटीनं रचलेली नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयांत पदोन्नतीसाठी कोणते लेख धरायचे याचे नियम आहेत. २०१५ साली भारतीय वैद्यक परिषदेनं फक्त ओरिजिनल आर्टिकल धरायचं ठरवलं. २०२० च्या दुरुस्तीत मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज यांना जागा मिळाली. एकट्या रुग्णावरचा केस रिपोर्ट बाहेरच राहिला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माणूस हा हिशेब करतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझाही हिशेब तोच होता.

माझं काम सिकलसेलवर. छत्तीसगडमध्ये लोक याला ‘सिकलिंग’ म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. पुढे काहींच्या मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटतो, खुबा निकामी होतो आणि पंचविशीतला तरुण लंगडत ओपीडीत येतो. अशा रुग्णांच्या जुन्या फाइली मी गोळा केल्या होत्या. त्यांतून ओरिजिनल आर्टिकल करायचं, सिकलसेलच्या किती टक्के रुग्णांचा खुबा खराब होतो ते काढायचं, असा बेत होता. तक्तेही तयार होते.

ते आमच्या सरांना दाखवले. त्यांनी शांतपणे वाचले आणि एकच विचारलं, “हा टक्का कोणाचा?”

मी म्हटलं, “सर, आपल्याकडे आलेल्या रुग्णांचा.”

“आणि जे आलेच नाहीत ते?”

या प्रश्नानं माझं मत बदलायला सुरुवात झाली. मोठ्या रुग्णालयात येतो तो ज्याचं दुखणं गावात आवरत नाही तो. ज्याला त्रास कमी, तो धमतरी-महासमुंदच्या एखाद्या गावात शेती करत असतो. त्याची फाइल माझ्याकडे कधीच होणार नव्हती. शिवाय आजार सौम्य ठेवणारं हिमोग्लोबिन एफ किती, हायड्रॉक्सियुरिया हे औषध कधी सुरू केलं, याच्या नोंदी निम्म्याअधिक फाइलींत नव्हत्या. मी काढलेला आकडा गणितानं बरोबर होता, पण तो सिकलसेलच्या सगळ्या रुग्णांबद्दल काही सांगत नव्हता. तो ओरिजिनल आर्टिकलमध्ये छापला असता, तर वाचणाऱ्यानं मात्र तो सगळ्यांचाच धरला असता.

तोवर लेखाचा प्रकार म्हणजे माझ्या वाटेवरची पायरी, एवढंच मी पाहत होते. तो वाचकाला दिलेला शब्दही असतो, हे तेव्हा लक्षात आलं. केस रिपोर्ट म्हणतो, असं घडताना मी पाहिलं. केस सिरीज म्हणते, असं पुन्हा पुन्हा घडताना पाहिलं. ओरिजिनल आर्टिकल म्हणतं, प्रश्न आधी ठरवून, ठरलेल्या पद्धतीनं मी मोजलं. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतो, या प्रश्नावरचं सगळं काम शोधलं आणि तोलून पाहिलं. यांतला कोणताच दावा हलका नाही; फक्त तो पेलणारी माहिती हाती असायला हवी.

मग मी माझ्याच आजाराचा इतिहास वेगळ्या नजरेनं वाचला. सिकलसेलचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी छापलं. ते एका रुग्णाचं होतं, ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचं. रक्तात त्या विचित्र लांबट पेशी दिसल्या होत्या. हेरिक यांनी दिसलं ते नेमकेपणानं नोंदवलं, पण निदान ठामपणे सांगितलं नाही. आजाराचं आजचं नावही नंतर १९२२ मध्ये रूढ झालं. माझ्या उतरंडीत हा लेख तळाला पडला असता.

भारतातल्या सिकलसेलचा पुरावा १९५२ मध्ये लेमन आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींत दाखवला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधीपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, रायपूरचीही राजधानी नागपूरच होती. प्रांत वेगळे झाले, पण विदर्भात आणि छत्तीसगडात हा आजार तसाच आहे.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामानं. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः लहान मुलं दगावत. त्यांनी आधी रुग्णाजवळ बसून लक्षणं टिपली. हृदय संकटात येण्याआधीच्या खुणा १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिल्या. १९८६ मध्ये त्यावर प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाबद्दल त्यांनी प्रमोदिनी बावस्करांबरोबर त्याच पत्रिकेत थोडक्यात लिहिलं. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर जास्त फायदा होतो का, हा पुढचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी महाडमध्येच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून ७० जणांची चाचणी केली. ती २०११ मध्ये ‘बीएमजे’त आली. निरीक्षणाला निरीक्षणाचं रूप, तुलनेला चाचणीचं. तालुक्याच्या गावी राहून एका माणसानं प्रश्नानुसार लेखाचा प्रकार निवडला आणि विंचूदंशावरचा उपचार बदलला.

उलट उदाहरणही विसरता येत नाही. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात अफूजन्य वेदनाशामकं दिलेल्या सुमारे १२ हजार रुग्णांत व्यसन लागल्याची नोंद चौघांचीच, असं त्यात होतं. पत्र तेवढंच सांगत होतं. पण पुढे शेकडो लेखांनी त्याचा आधार घेतला, आणि हे रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते, ही गोष्ट बहुतेकांनी गाळली. घरी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांनाही धोका नाही, असा समज पसरायला त्यानं हातभार लावला. अमेरिकेनं या गोळ्यांच्या व्यसनाच्या रूपानं त्याची किंमत मोजली. हे वाचताना मला माझा खुब्यांचा टक्का आठवत होता. तो कुणी कुठे नेला असता, हे माझ्या हातात राहिलं नसतं.

केस रिपोर्टकडे पाहण्याची माझी नजर आणखी एका कारणानं बदलली. चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रमाला गेलं की एखादी काकू बाजूला घेऊन विचारते, “अगं, मुलाचं सिकलिंग एएस आलंय. लग्नाचं कसं करायचं?” दोघंही एएस, म्हणजे वाहक, असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे आजारी, होण्याची शक्यता चारात एक, म्हणून मुलीचीही तपासणी करा, एवढं मी समजावून सांगते. पण त्यांच्या आवाजातली भीती कळते. अशा समाजात गाव, वय, जात आणि आजार एका लेखात आले, तर नाव न छापताही माणूस ओळखू येतो आणि सोयरीक मोडू शकते. एका रुग्णावरचा लेख आकारानं लहान असतो; त्या एका रुग्णापुरती त्याची जबाबदारी मात्र सगळ्यांत मोठी असते. त्याला मजकूर वाचून दाखवून, समजेल अशा भाषेत संमती घेतल्याशिवाय असा लेख लिहिता येणार नाही, असं मी आता मानते.

रिव्ह्यूबद्दलही माझं मत बदललं. नवख्यांना तो सोपा वाटतो, कारण रुग्ण लागत नाहीत आणि घरी बसून लिहिता येतो. पण नीट सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करायचा तर प्रश्न आणि शोधाची पद्धत आधी नोंदवावी लागते, दोघांनी स्वतंत्रपणे लेख निवडावे लागतात, आणि दुसऱ्याच्या अभ्यासातली उणीव ओळखायला आपण स्वतः कधीतरी रुग्णांत मोजदाद केलेली असावी लागते. म्हणून तो मी माझ्यासाठी पुढे ढकलला आहे.

खुब्यांचं काम मी केस सिरीज म्हणून पुन्हा लिहिलं. टक्के काढून टाकले. कोण आले, किती उशिरा आले, काय आढळलं, कोणत्या नोंदी नव्हत्या, ते सरळ लिहिलं. टक्का काढायचा असेल तर गावोगावच्या तपासणीत सापडलेल्या, त्रास नसलेल्या रुग्णांनाही वर्षानुवर्षं तपासत राहावं लागेल. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे असे रुग्ण आता मोठ्या संख्येनं सापडत आहेत. तो अभ्यास आम्ही हाती घेतला आहे. त्याचं ओरिजिनल आर्टिकल व्हायला काही वर्षं लागतील, आणि तोवर माझ्या पदोन्नतीच्या अर्जात एक मोठा लेख कमी असेल, हे मला ठाऊक आहे.

ज्युनिअर आता विचारतात, “ताई, पहिला लेख कोणता लिहू?” मी त्यांना म्हणते, तुझा लेख वाचून एखादा डॉक्टर उद्या औषध बदलेल, डोस बदलेल, एखाद्या आईला काहीतरी सांगेल. त्यानं तसं करावं एवढी माहिती तुझ्याकडे आहे का ते आधी बघ. जेवढी आहे तेवढाच दावा करणारा प्रकार निवड, आणि तो लहान असला तरी मनापासून लिही. निवड समित्यांनाही माझी विनंती आहे: लेखांची संख्या मोजण्याआधी उमेदवाराचा एक तरी लेख संपूर्ण वाचा आणि त्यातल्या टक्क्यांवर बोट ठेवून विचारा, हा कोणाचा? त्या प्रश्नाला उत्तर देता येणारे तरुण डॉक्टर आपल्याला हवे आहेत.