पाटीलनी पोर

सुरतेत पर्वत पाटियाच्या आमच्या घराच्या दारावर पितळेची पाटी आहे. वर मराठीत, खाली गुजरातीत एकच शब्द : पाटील. गुजरातीत पाटिया म्हणजे हमरस्त्यावर, गावाच्या फाट्याशी उभा केलेला नावाचा फलक. पर्वत गावाचा तो फलक, म्हणून नाक्याचं नाव पर्वत पाटिया. आज तिथे फलकापेक्षा साड्यांच्या गठ्ठ्यांनी लादलेले टेम्पोच जास्त दिसतात, पण नाव टिकलं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ती पितळी पाटी करून आणली तेव्हा मी चौथीत होते.

त्याच वर्षी शाळेच्या दाखल्यावर माझं आडनाव ‘पटेल’ असं पडलं. सुरतेत ही चूक सहज होते. दोन्ही शब्द जुन्या ‘पट्टकिल’चेच वंशज, गावप्रमुखाचा तो हुद्दा. आप्पा उधन्याला लूमवर बारा तासांची पाळी करायचे. त्यांनी एक खाडा केला, त्या दिवसाची मजुरी बुडवली आणि ती चूक दुरुस्त करून आणली. रागावले मात्र नाहीत. म्हणाले, “पटेलही आपल्यासारखेच. पण आपलं नाव आपलं.”

१९७२ च्या दुष्काळानंतर ते अमळनेर तालुक्यातलं गाव सोडून इकडे आले. भावकीत वाटून वाटून वतनाची जमीन तोपर्यंत पोट भरण्याएवढीही उरली नव्हती, आणि पाटीलकी तर कायद्यानेच संपली होती. १ जानेवारी १९६३ पासून महाराष्ट्रात मुलकी पाटलाचं वंशपरंपरेचं पद राहिलं नाही. ठरावीक रक्कम भरून जमीन त्याच घराकडे परत आली, दप्तर तलाठ्याकडे गेलं. उरला तो मान.

तो मान मी पाहिला आहे. दर पोळ्याला उधन्याहून भुसावळच्या गाडीत बसायचं. सोनगड आलं की आप्पा खिडकीबाहेर बोट दाखवायचे : हा पिलाजी गायकवाडांचा गड, बडोद्याच्या राज्याचं बी इथे पडलं. त्याच घराण्यातल्या दामाजींना १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर ‘समशेर बहादूर’ हा किताब मिळाला आणि तो अडीचशे वर्षं त्या घरात चालला. मग नवापूर यायचं, जिथे अर्धं स्टेशन गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात. महादजी शिंद्यांची गोष्ट आप्पा नेमकी तिथे काढत. ज्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलकीची वस्त्रं आणली, ते स्वतःला पाटीलच म्हणवून घेत. पाटीलबाबा! हे सांगताना आप्पांच्या चेहऱ्यावरचा थकवा उतरायचा.

गावात पोहोचलं की खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास. संध्याकाळी वेशीतून पहिला बैल आमच्या घराचा निघायचा. काकूंनी ओवाळायचं, काकांनी कासरा धरायचा. एका वर्षी मी कासऱ्याला हात घातला. एका म्हाताऱ्याने कौतुकानेच विचारलं, मी कोणाची. कोणीतरी म्हणालं, “हाई पाटीलनी पोर शे.” आणि त्याच दमात चुलतभावाने माझ्या हातातून कासरा काढून घेतला. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान होता.

पुढे वकिलीच्या अभ्यासात वतनाचे कायदे समोर आले तेव्हा तो कासरा मला आठवला. १८७४ च्या वतन कायद्यामागून १८८६ चा मुंबईचा पाचवा कायदा आला. त्यात वतनाच्या वारसाहक्कात शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून घराण्यातल्या बाकी सगळ्या बायका प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे ढकलल्या होत्या. लेक कितीही जवळची असो, लांबचा चुलता तिच्या पुढे. राजघराण्यात याहून वेगळं नव्हतं. १८७० मध्ये बडोद्याचे खंडेराव गायकवाड वारले तेव्हा राणी जमनाबाई गरोदर होत्या. अख्खं संस्थान त्यांच्या प्रसूतीची वाट पाहत राहिलं. १८७१ मध्ये मुलगी झाली, तारा, आणि गादी खंडेरावांच्या भावाकडे, मल्हाररावांकडेच राहिली. चार वर्षांनी इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केलं, तेव्हा जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तोच सयाजीराव. एवढा मोठा राजा मिळाला याचा मला अभिमान आहे. पण चार वर्षांची तारा त्या दत्तकविधानाच्या दिवशी वाड्यात कुठे असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. किताब संपले. मला त्याचं दुःख नाही. पाटीलकीचंही नाही, कारण तिच्यातला खरा ऐवज आप्पांनी सुरतेला आणला होता. तंटा मिटवणं, आल्यागेल्याला जेवू घालणं, गावाची जोखीम अंगावर घेणं, हे पाटलाचं मूळ काम. खानदेशातून नवा आलेला पोरगा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत महिना महिना राहायचा. कोणाचा पगार अडकला की आप्पा सेठशी बोलायचे. लूमवर एकजण गेला तेव्हा ते त्याचं प्रेत रातोरात शिरपूरपर्यंत घेऊन गेले. लोक त्यांना पाटील म्हणत ते या कामासाठी.

आप्पा गेले. मी एकुलती एक. तेराव्याला चुलतभाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला, माझी आणि आईची नावं टाइप केलेलं. “तू परघरी गेलेली. पाटीलकी घरात राहिली पाहिजे.” तो वाईट माणूस नाही. त्याला जे शिकवलं गेलं तेच तो बोलत होता. आई सही करायला निघाली होती. मी कागद उलटा ठेवला. सव्वा एकराची किंमत मला मोठी नव्हती. पण आप्पांचा वारस कोण, या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या सहीने खोटं लिहून देणार नव्हते.

आज सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव आहे. जमीन चुलतभाऊच कसतो, आम्ही खंड घेत नाही. पर्वत पाटियाच्या घरी अजूनही कोणी ना कोणी अडचण घेऊन येतं. आई चहा ठेवते, मी कागद वाचून देते.

त्यात आता बहिणींकडे आलेले हक्कसोडाचे कागद बरेच असतात. प्रत्येकीला मी सांगते ते इथेही सांगते : ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर, आणि महाराष्ट्रात त्याच्याही आधी १९९४ पासून, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा हिंदू वारसा कायद्याने मानला आहे. द्यायचा असेल तर खुशीने द्या, तो तुमचा आहे. पण तेराव्याच्या दिवशी, रडत्या डोळ्यांनी, न वाचता सही करू नका. एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड असतं.