ओढ किती सोसेल?

ज्येष्ठांच्या छंदांविषयी आपण बोलतो, तेव्हा बागकाम, वाचन, भजन, फार तर शब्दकोडी यांपलीकडे सहसा जात नाही. माझ्या वडिलांचा छंद या यादीत बसणारा नाही. त्यांचे वय ७३ आणि ते तारांना बांधलेले, इंजिनावर चालणारे लहानसे विमान उडवतात. गेल्या वर्षी त्या विमानाला मोठे इंजिन आणि मोठा पंखा बसवण्याचा बेत त्यांनी जाहीर केला. तेव्हा आमच्या घरात जो प्रश्न उभा राहिला, तो घरातील वडीलधाऱ्यांची काळजी वाहणाऱ्या अनेकांच्या परिचयाचा असेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या प्रकाराला कंट्रोल लाइन म्हणतात. अमेरिकेतील जिम वॉकर यांनी १९४०च्या सुमारास तो लोकप्रिय केला. आपल्याकडे एन.सी.सी.च्या हवाई शाखेतील मुलांनी तो पुढे चालवला, आणि बाबांनाही महाविद्यालयात असताना तेथेच त्याची गोडी लागली. उडवणारा मध्यभागी उभा राहतो. त्याच्या मुठीतील दांडीपासून पोलादाच्या दोन बारीक तारा विमानाच्या पंखापर्यंत जातात. मनगट वर-खाली केले की शेपटीची हलती पट्टी वर-खाली होते आणि विमान चढते वा उतरते. विमान वर्तुळात फिरते. त्याच्याबरोबर माणसालाही जागेवर फिरावे लागते. तारा ताणलेल्या असतील तोवरच विमान हाताचे ऐकते. त्या सैल पडल्या की मनगट कितीही हलवा, विमानाला काही कळत नाही.

आमचे घर कोसबाडच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कार्यामुळे ही टेकडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. शंख-शिंपले, पाने, बिया अशा भोवतालच्या वस्तूंमधून शिकवण्याचे साहित्य घडवण्याची त्यांची रीत येथल्या जुन्या माणसांच्या अंगात अजून मुरलेली आहे, असे मला वाटते. भात कापून झाले की खाचरे मोकळी होतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा बाबांचा हंगाम सुरू होतो. अडचण एकच, समुद्र जवळ आहे. सकाळी उशीर झाला की पश्चिमेचा वारा सुटतो. वर्तुळाच्या पश्चिम बाजूला आलेले विमान तो वारा आत, म्हणजे उडवणाऱ्याकडे ढकलतो आणि तारा सैल होतात. अशा वेळी झटकन मागे सरकून तार ताणायची असते. तरुणपणी त्यात काही विशेष नाही. गेल्या हंगामात बाबा असेच मागे सरकले, टाच भाताच्या खुंटांत अडकली आणि ते पाठीवर पडले. हाड मोडले नाही, पण उजवा खांदा दुखावला आणि पुढे तीन महिने आखडून राहिला.

पुण्याहून भावाचा फोन आला. "बाबा, आता पुरे. विमान कपाटात ठेवा." बाबा शांतपणे म्हणाले, "पडलो तो तार सैल झाली म्हणून. ओढ कमी पडते आहे. इंजिन मोठे हवे."

पडलेल्या माणसाने अधिक जोराचे यंत्र मागावे, हे ऐकायला विपरीत वाटते. परंतु त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. आई गेल्यानंतर जे थोडे लोक आणि ज्या थोड्या सकाळी त्यांना घराबाहेर काढत होत्या, त्या या विमानामुळेच, हेही मला दिसत होते. तेव्हा मी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. "बाबा, तुमच्या खांद्याला किती किलो ओढ येईल, ते आधी मांडून दाखवा," एवढेच म्हटले.

त्यांनी वही काढली. वजनाला वेगाच्या वर्गाने गुणून तारेच्या लांबीने भागले की ओढ मिळते. जुने विमान ६०० ग्रॅमचे, इंजिन अडीच सीसीचे, तारा १५ मीटर, एका फेरीस साडेपाच सेकंद. ओढ सुमारे १.२ किलो. नवे इंजिन चार सीसीचे आणि ७५ ग्रॅमने जड. ते नाकाशी बसणार, म्हणून तोल सांभाळण्यासाठी शेपटीत २५ ग्रॅम शिसे. पंख्याचा व्यास आठ इंचांऐवजी नऊ, म्हणून पात्याचे टोक जमिनीला लागू नये यासाठी चाकांच्या तारा उंच. टाकीही मोठी. एकूण ७२० ग्रॅम. त्याच तारांवर ते पावणेपाच-पाच सेकंदांत फेरी घेईल आणि ओढ १.९ किलोपर्यंत जाईल.

मला ओढीपेक्षा फेरीच्या आकड्याची अधिक भीती वाटली. दोन वर्षांपूर्वी बाबांना चकरेचा त्रास झाला होता. तो कानातील दोषामुळे असल्याचे निदान झाले आणि उपचारांनी थांबलाही. पण अशा माणसाने आणखी वेगाने गरगर फिरायचे?

यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. पंख्याच्या मापात दोन आकडे असतात: एक व्यास, दुसरा एका फेऱ्यात पंखा जेवढे अंतर पुढे कापू पाहतो ते. बाबांनी व्यास वाढवला आणि दुसरा आकडा पूर्वीचाच, चार इंच, ठेवला. त्यामुळे जोर मिळतो, पण वेग फारसा बेफाम होत नाही. शिवाय तारा १७ मीटर केल्या. वर्तुळ मोठे झाले, फेरी पुन्हा साडेपाच सेकंदांच्या आसपास आली आणि ओढ १.६५ किलोवर उतरली. विमान बदलले, तरी त्यांच्या फिरण्याची गती जवळजवळ तीच राहिली.

उरला खांदा. फिजिओथेरपिस्टबाईंना हा आकडा सांगितला, तेव्हा त्या प्रथम हसल्या आणि मग गंभीरपणे कामाला लागल्या. हात लोंबता ठेवून झुलवणे, बोटांनी भिंत चढणे, नंतर रबरी पट्टा. शेवटी बाबांनी स्वतःची भर घातली. विहिरीच्या रहाटावरून दोर घेऊन एका टोकाला चिकूची पिशवी बांधली आणि दुसऱ्या टोकाला विमानाची दांडी. कोपर किंचित वाकवून, पाय फाकवून ते उभे राहत. अर्ध्या किलोपासून सुरुवात केली. सात आठवड्यांनी दोन किलोची पिशवी तीन मिनिटे तोलता येऊ लागली, तेव्हा बाईंनी परवानगी दिली.

तीन मिनिटेच का, तेही सांगते. बाबांच्या विमानात इंजिन मध्येच बंद करण्याची सोय नाही. इंधन संपेपर्यंत ते चालते आणि तोवर दांडी सोडता येत नाही. म्हणजे इंधनाचे माप हेच श्रमाचे माप. आमचे इंजिन ४५ मिलिलिटरमध्ये सुमारे तीन मिनिटे चालते, म्हणून सुई काढलेल्या सिरिंजने ते मी मोजून भरते. या इंधनात मिथेनॉल आणि एरंडेल असते. मिथेनॉल पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो, आणि त्याची ज्वाला उन्हात जवळपास दिसत नाही. त्यामुळे ते पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवायचे नाही, आणि नातवंडांच्या हाती लागेल असे तर मुळीच नाही. नऊ इंची पात्याचे टोक ताशी साडेचारशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते, म्हणून पंखा बोटाने न फिरवता लाकडी दांडक्याने फिरवायचा. तारा पोलादी असल्याने विजेच्या तारांच्या आसपास हा खेळ नाहीच. दांडी मनगटाला पट्ट्याने बांधलेली हवी. उडवण्यापूर्वी विमानाच्या वजनाच्या दहापट, म्हणजे सात किलोंहून थोडी अधिक ओढ ताणकाट्याने लावून तारा तपासायच्या. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि न्याहारी आधी होतात, कानांत बोळे जातात, बांधावर खुर्ची ठेवली जाते.

जानेवारीतल्या एका सकाळी, वारा सुटण्यापूर्वी, नवे इंजिन उडाले. बांधावर पाड्यातली मुले रांगेत बसली होती. त्यांना तेथेच बसवून ठेवणे हे माझे सर्वांत अवघड काम. आवाज पूर्वीपेक्षा खर्जातला होता. पश्चिमेला विमान आले, तेव्हा माझे लक्ष विमानाकडे नव्हते, बाबांच्या टाचांकडे होते. त्या मागे सरकल्या नाहीत. फिरताना नजर विमानावर खिळवली की मागचे जग फिरताना जाणवत नाही, असे ते नेहमी सांगत. इंजिन थांबले, विमान घरंगळत उतरले आणि ते लगेच न चालता पाय रोवून क्षणभर उभे राहिले. मग खुर्चीत बसून म्हणाले, "हाताला कळते आहे."

दुसऱ्या दिवशी खांदा ठणकला. बाईंच्या सल्ल्याने आता दोन उड्डाणांमध्ये दोन दिवसांची विश्रांती असते. भावाला चित्रफीत पाठवली. त्याने उत्तरादाखल फक्त फेऱ्या मोजून आकडा कळवला, ३३. वहीत बाबांनी तोच आकडा लिहिला आहे आणि त्याखाली इंधन ५० मिलिलिटर करण्याची सूचना. त्यावर मी अद्याप सही केलेली नाही.