आखरावरची गुरं

आमच्या लहानपणी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीची सकाळ आखरावर उजाडायची. घरोघरची गुरं तिथं जमायची, गायकी हाळी द्यायचा आणि कळप बोरच्या जंगलाकडे निघायचा. मागे पडलेल्या शेणावर बायापोरींची झुंबड उडायची; जिने आधी काडी खोचली, तिचा पो. दिवेलागणीला कळप परतला की प्रत्येक गाय न हाकलता आपल्या दारात वळायची आणि आतून वासरू हंबरायचं.

आता आखर ओस पडलंय. बोर अभयारण्य 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, चराईवर बंधनं आली. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, तसा कडबाही आटला. गाय गोठ्यातच असते. तिच्यापुढे कुट्टी असते, खनिज मिश्रण असतं. चिकात आलेला मका कापून, दाबून, हवाबंद ठेवला की दीडेक महिन्यात त्याचा आंबूस वासाचा मुरघास होतो. तो उन्हाळ्यात कामी येतो.

खरं सांगायचं तर तेव्हाच्या गुरांचे हालच होते. वैशाखात त्यांच्या फासळ्या मोजता यायच्या, दूध चहापुरतं निघायचं, एखादी गाय वाघ न्यायचा. शेणाच्या गोवऱ्या होऊन धूर आयांच्या डोळ्यांत जायचा. आज तेच शेण गोबरगॅसमध्ये जातं, आणि त्याची स्लरी शेतात.

शिवाय रवंथ करणाऱ्या जनावराच्या ढेकरेतून मिथेन बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. निकस चाऱ्यावर दूध कमी मिळतं, म्हणून लिटरमागे हा वायू जास्त पडतो. चांगला चारा गाईच्या, शेतकऱ्याच्या आणि हवेच्याही भल्याचा आहे. यात आम्हाला शंका नाही.

तरी आखर आठवतं. तिथं अख्ख्या गावाला एकमेकांची गाय नावानिशी ठाऊक असायची. कोणाची गाभण आहे, कोणाची लंगडते, हे सांगावं लागत नसे. आता शेजारच्या गोठ्यात काय चाललंय ते डॉक्टरची गाडी आल्यावर कळतं.

आणि गवळाऊ! ही वर्ध्याची स्वतःची गाय: पांढरी, उंच, काटक. तिच्या पैदाशीसाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडीचं सरकारी केंद्र आहे. पंचेचाळीस अंशांत संकरित गाय धापा टाकते, तिच्यावर ओली पोती टाकावी लागतात. गवळाऊ तो उन्हाळा सोसते. दूध कमी देते म्हणून आपणच तिला दूर केली.

नवा गोठा बांधताय ना? मग मुक्त संचार गोठा बांधा, मुरघास करा, आणि गोठ्यात एक तरी गवळाऊ कालवड ठेवा.