९९ एपीओ

आज आजोबांची तिथी. पानात त्यांच्या आवडीची भरली वांगी वाढली.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होते ते. बेळगावचं ट्रेनिंग, मग ईशान्येकडच्या डोंगरातल्या छावण्या, आणि डिसेंबर १९७१ मध्ये ब्रह्मपुत्रेपलीकडचं जमालपूर. लढाईबद्दल विचारलं की एवढंच सांगायचे, नदी ओलांडून मागची वाट अडवली. घराविषयी मात्र बोलताना थकत नसत.

पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता कायम ९९ एपीओ, म्हणजे सैन्याच्या टपालाचा. माणूस नेमका कुठे आहे, ते आजीला कधी कळलं नाही. मनीऑर्डरच्या कुपनावरच्या बोटभर जागेत ते बारीक अक्षरात सगळा संसार बसवायचे: बैलाची पेंड, धाकट्याची फी, विहिरीचा गाळ, शेवटी ‘मी खुशाल आहे’. रजा नेहमी पेरणीला धरून मागायचे. दूर राहून इतकं घरात असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पेन्शनीत आल्यावर आजीला गुवाहाटीला नेलं, ब्रह्मपुत्रा दाखवायला. काठावर उभी राहून ती म्हणाली, “अहो, एवढं पाणी आडवं होतं, आणि मला लिहिलंत खुशाल आहे?” परतीच्या गाडीत ती त्यांच्याशी बोललीच नाही.