इन्सर्ट आणि खालचा बाण

२०१८ च्या जूनमध्ये माझी बदली चाकसूला झाली. जयपूरहून टोंककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जयपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं हे गाव. आई आदल्या वर्षीच गेली होती. वाईच्या घरात वडिलांना, म्हणजे अण्णांना, एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना बरोबर घेऊन आलो. काचबिंदूने तोवर त्यांची नजर नेलेली होती. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं.

अण्णांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. सकाळी दोन वर्तमानपत्रं आणि रात्री निजताना पुस्तक, यात कधी खंड पडला नव्हता. आता मी नऊला बँकेत निघालो की संध्याकाळी सातपर्यंत त्यांच्या कानावर मराठीचा एक शब्द पडत नसे. शेजारच्या काकी फार मायेच्या. होळीनंतर आठव्या दिवशी, म्हणजे आपल्या फाल्गुन वद्य अष्टमीला, शील की डूंगरीवर शीतला मातेची मोठी जत्रा भरते. त्या दिवशी घरोघर आदल्या रात्रीचं थंड अन्न खातात. काकींनी अण्णांसाठी ताकातली बाजरीची राबडी आणि पुए आठवणीने आणून दिले. त्यांची ढूंढाडी ऐकता ऐकता अण्णा एकदा एकदम म्हणाले, "अरे, यांच्या बोलण्यात ळ आहे!" हिंदीत न सापडणारा ळ परमुलखात भेटला, म्हणून तो अख्खा दिवस ते खुशीत होते. पण एका अक्षरावर माणूस किती दिवस काढणार? रात्री मी वाचून दाखवायचो. दहा मिनिटांत माझे डोळे मिटायला लागत. "पुरे झालं आज," असं तेच म्हणायचे, आणि ते ऐकून मला वाईट वाटायचं.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात पेन्शनीचं जीवन प्रमाणपत्र काढायला त्यांना बाजारातल्या ई-मित्र केंद्रात नेलं. राजस्थानात सरकारी दाखल्यांची आणि बिलांची बहुतेक कामं या केंद्रांवर होतात. अंगठ्याचा ठसा तिसऱ्या खेपेला जुळला. तोवर अण्णा टेबलावरचा कीबोर्ड बोटांनी चाचपत होते. केंद्र चालवणारा पोरगा पंचविशीचा असेल. त्याने ते पाहिलं आणि विचारलं, "बाउजी, कम्प्यूटर चलाओगे?" त्याचा मावसभाऊ जन्मांध, जयपूरला शिकायला होता. त्याच्यासाठी हा पोरगा एक सॉफ्टवेअर शिकून बसला होता.

संध्याकाळी तो पेनड्राइव्ह घेऊन घरी आला. आमच्या जुन्या, विंडोज सेव्हनच्या लॅपटॉपवर त्याने एनव्हीडीए नावाचं ते सॉफ्टवेअर टाकलं. एक छोटीशी धून वाजली आणि यंत्र इंग्रजीत बोलू लागलं. पोराने सेटिंगमध्ये जाऊन आवाजांच्या यादीतून मराठी निवडली. मी मोबाइलचं इंटरनेट जोडून मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर कृष्णा नदीची नोंद उघडली. पोराने अण्णांचं बोट आधी इन्सर्टवर ठेवलं, दुसरं खालच्या बाणावर. "दोनों साथ में दबाओ, बाउजी."

आवाज सपाट, यंत्राचा. पण त्याने 'महाबळेश्वर' म्हटलं, ळ सकट. अण्णा ताठ बसले. पुढचं अर्धं पान त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग कंट्रोल दाबून आवाज थांबवायला शिकवलं, तर लगेच परत सुरू करून पहिल्यापासून ऐकलं. वाईत ज्या विश्वकोशाच्या कार्यालयावरून ते रोज शाळेत जायचे, ज्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना त्यांनी गावात येता-जाता पाहिलं होतं, तो विश्वकोश चाकसूच्या खोलीत त्यांना ऐकू येत होता, आणि मला उठवायची गरज नव्हती. पोराला पैसे देऊ केले. "हमको भी मुफ्त ही मिला है," म्हणून त्याने हात जोडले. चहा मात्र दोनदा घेतला.

मग मी शोधलं, की हे कुणी केलं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या तरुणाने हे काम सुरू केलं, आणि त्याचा मित्र जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघंही अंध. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात त्यांची मैत्री झालेली. पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर तेव्हाही होती, पण विकतची, आणि त्यांची किंमत कित्येकदा संगणकापेक्षाही जास्त. डोळस माणसाला संगणक ज्या किमतीत वापरता येतो त्याच किमतीत अंधालाही यावा, वर एक पैसा पडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी सॉफ्टवेअर मोफत दिलंच, शिवाय त्याचा कोडही उघडा ठेवला. ते सांभाळायला एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था उभी केली. त्यातला तो सपाट आवाज ईस्पीकचा. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एकॉर्न संगणकांसाठी केलेल्या छोट्या प्रोग्रामातून तो वाढत आला. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यात आपापल्या भाषांची भर घातली. कुणीतरी बसून मराठीचे उच्चार त्याला शिकवले असणार. ऋणानुबंध म्हणजे गेल्या जन्मीचं काही असतं, असं आई म्हणायची. मला तो या जन्मातच दिसला, आणि तोही अशा माणसांशी, ज्यांना चाकसू आणि वाई ही नावं ठाऊक असायचं कारण नाही.

ऐकणं जमल्यावर अण्णांना लिहायचं होतं. लिब्रेऑफिस टाकलं, तेही मोफतच. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतोच, तो सुरू केला. १९९१ पासून तो भारतीय मानक आहे, आणि शिक्षकाला आवडेल अशीच त्याची मांडणी आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क च्याच कळीवर शिफ्ट दाबून ख, ग च्या कळीवर घ, ल च्या कळीवर ळ. एफ आणि जे या कळांवर जो बारीक उंचवटा असतो, तिथे एका बोटाखाली ऱ्हस्व वेलांटी येते आणि दुसऱ्याखाली र. त्या दोन उंचवट्यांवरून अण्णा बाकीची अक्षरं मोजायचे. दाबलेली प्रत्येक कळ यंत्र बोलून दाखवी. तीन आठवड्यांत त्यांनी बहिणीला पहिलं पत्र लिहिलं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती.

एकच गोष्ट त्यांना फार लागली. त्यांच्या शाळेची स्मरणिका निघाली, तिची फाइल एका जुन्या विद्यार्थ्याने प्रेमाने पाठवली. अण्णांनी बाण दाबला, तर यंत्र तुटक इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम वाचत सुटलं. फाइल जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. तशा फाइलीत डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी चिन्हं. ती कुठल्या भाषेची आहेत हे यंत्राला कळायला मार्गच नाही. युनिकोडमध्ये क हा आतही क च असतो. एका मोफत रूपांतर-पानावर मजकूर टाकून मी दोन रात्री तो दुरुस्त केला, कारण जोडाक्षरं जागोजागी फुटली होती. स्वतःच्या शाळेबद्दलचं लिहिलेलं त्यांच्यासमोर असून दोन दिवस त्यांना वाचता आलं नाही, हे मी विसरलेलो नाही.

"त्या मुलांचं देणं ठेवू नकोस," असं अण्णा म्हणत. ऑस्ट्रेलियातले ते दोघं त्यांच्या लेखी मुलंच. दर गुरुपौर्णिमेला पेन्शनीतून काही रक्कम ते मला एनव्ही ॲक्सेसला पाठवायला लावत. २०२२ च्या मार्चमध्ये ते गेले. 'माझे वर्ग' नावाची त्यांची एकशे बारा पानांची फाइल लॅपटॉपवर आहे. शेवटचं वाक्य अर्धं आहे. देणगी मी अजून पाठवतो. ई-मित्रवाल्या त्या पोराला लग्नाचा आहेर करून आलो, पण तेवढ्याने त्याचं देणं फिटलं असं मी मानत नाही.

तुमच्या घरात कुणाची नजर जात असेल, तर एनव्हीडीए आजच उतरवून घ्या आणि पहिल्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. दिवाळी अंक, स्मरणिका, गावाचा इतिहास, मंडळाचं पत्रक, जे काही मराठीत टाइप कराल, ते युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमधल्या फाइली पडल्या असतील, तर त्याही बदलून ठेवा.