सतरावें पान

‘नॅक’ची समिति यावयाची ठरली, आणि आमच्या महाविद्यालयांत फळ्यापेक्षां फाइलीला अधिक मान आला. ही कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. छत्रपति संभाजीनगर तेव्हां औरंगाबाद होतें. १९९४ सालीं स्थापन झालेल्या या परिषदेचे निकष सात, आणि प्रत्येकास पुरावा हवा. व्याख्यान झालें? छायाचित्र दाखवा. सहल गेली? सह्या दाखवा. ही मागणी गैर होती असें मी म्हणत नाहीं. तिच्याच धाकानें ग्रंथालयाचें गळकें छप्पर दुरुस्त झालें व मुलींच्या खोलीबाहेर पाण्याची टाकी बसली. आणि ज्या शहरांत नळाची वाट दिवस मोजीत पाहावी लागते, तेथें ही गोष्ट लहान नव्हे.

माझ्या वांट्याला मात्र मार्गदर्शनाची वही आली. प्रत्येक शिक्षकानें नेमून दिलेल्या विद्यार्थ्यांची वेळोवेळीं विचारपूस करावी आणि ती नोंदवावी, अशी योजना. माझ्याकडे बावीस नांवें होतीं. विचारपूस मीं केली नव्हती. नोंदी मात्र सुरेख अक्षरांत करूं लागलों. निरनिराळ्या तारखांना निरनिराळी शाई वापरण्याची युक्ति एका अनुभवी सहकाऱ्यानें शिकविली. (प्राध्यापकांस व्यवहार कळत नाहीं, असें कोण म्हणतो?) ‘प्रगति समाधानकारक’ असें लिहीत सतराव्या नांवापाशीं आलों आणि लेखणी थांबली. या मुलाला मीं दिवाळीनंतर पाहिलेंच नव्हतें. चौकशी केली, तेव्हां कळलें कीं, तो आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला आहे.

घरीं जातांना वाटेंत नागसेनवन लागतें. बाबासाहेबांनीं १९५० सालीं सुरूं केलेलें महाविद्यालय तेथें आहे. उत्तरें देणाऱ्या भिक्षूचें नांव त्या परिसराला, आणि प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचें महाविद्यालयाला. समिति मला शेंकडों प्रश्न विचारणार होती. मीं त्या मुलाला एकहि विचारला नव्हता.

रात्रीं त्याला फोन लावला. पलीकडे ट्रॅक्टर घरघरत होता. प्रथम त्याला वाटलें, कांहीं दंड भरावयाचा आहे. मग हळूच म्हणाला, “सर, परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख अजून आहे का?”

विलंबशुल्काची मुदतहि उलटून आठ दिवस झाले होते.

सतराव्या पानावर मीं तेवढेंच लिहिलें व खालीं खरी तारीख घातली. पहिलीं सोळा पानें मात्र होतीं तशींच ठेविलीं. आमचे समन्वयक वही चाळून म्हणाले, “अहो, हें असें नका ठेवूं, गुण जातील.” मीं पान फाडलें नाहीं.

समिति सोमवारीं आली आणि चांगली श्रेणी देऊन गेली. त्या वहीला कोणी हात लावला नाहीं.